एकशे बारा आणि एकशे एकतीस

गुरुवारी सकाळपासून ताई तीनदा खुर्चीवरून उठली आणि तीनदा बसली. चौथ्यांदा उठली, तेव्हा शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला, "ताई, खुर्चीला खिळा आलाय का?" प्रत्येक गोष्टीत शंका काढायचा म्हणून सगळं कार्यालय त्याला शंकासुर म्हणायचं.

"खिळा ईमेलमध्ये आहे. ये, वाच."

या दोघांचं काम तसं साधं होतं. शरीर प्रथिनं बनवतं, आणि ती कशी बनवायची याची कृती जनुकात लिहिलेली असते. ही कृती नेमकी कुठून वाचायला लागायचं आणि कुठं थांबायचं, हे ठरवून त्याची नोंद साऱ्या जगासाठी खुली ठेवायची, एवढंच. मात्र हे एकट्यानं ठरवायचं नव्हतं. दूरच्या एका देशातला दुसरा गट तेच काम स्वतंत्रपणे करायचा, आणि दोन्ही गटांचं एकमत झालं तरच नोंद बदलायची. बदलली, तरी तिचा क्रमांक तोच राहायचा. शेवटचा आवृत्तीचा आकडा तेवढा एकानं वाढायचा.

तीन महिन्यांपूर्वी ताईनं अशीच एक नोंद सुधारली होती. जनुक हृदयाच्या ठोक्यांशी संबंधित होतं. त्याची सुरुवात वर्षानुवर्षं चुकीच्या जागी धरली जात होती. खरी सुरुवात थोडी आधी होती, आणि ती धरल्यावर प्रथिनाच्या साखळीला आरंभी एकोणीस मणी, म्हणजे मोजायच्या एकोणीस जागा, वाढले. आठ महिने वाद घालून दुसरा गट राजी झाला होता. शंकासुरालाही त्यात खोट सापडली नव्हती.

आणि आज हे पत्र आलं होतं.

"नमस्कार. मी शिंपी आहे. आमच्या घरात हृदयाच्या ठोक्यांचा आजार आहे. माझा धाकटा भाऊ एकोणिसाव्या वर्षी पोहता पोहता गेला. मग माझी तपासणी झाली, त्यात एकशे बाराव्या जागी दोष निघाला. मुलगी चौदा वर्षांची आहे. खबरदारी म्हणून तिला लहानपणापासून गोळ्या चालू होत्या. तिची तपासणी आत्ता झाली. तिच्या कागदावर लिहिलंय की एकशे बारावर काही नाही. एकशे एकतीसवर एक बदल आहे, पण तो घातक बदलांच्या यादीत नाही, म्हणून काळजी नको. सोमवारी डॉक्टरांनी गोळ्या बंद केल्या. शनिवारी तिची पोहण्याची शर्यत आहे. घरात आनंदीआनंद आहे, मला मात्र चैन नाही. कुठलं अक्षर जाऊन कुठलं आलं, ती जोडी दोन्ही कागदांवर तीच आहे. तुमच्या नोंदीचा क्रमांकही तोच आहे, फक्त शेवटी माझ्याकडे एक आहे आणि तिच्याकडे दोन. आमच्या धंद्यात माप जुळलं नाही की पहिला प्रश्न असतो, फीत कुठून धरली होती? तुम्ही फीत कुठून धरता?"

शंकासुर पुटपुटला, "एकशे बारा अधिक एकोणीस..."

"एकशे एकतीस. सकाळपासून मी तेच करतेय. दरवेळी तेवढंच येतंय."

शाळेच्या मैदानावर मुलांची रांग उभी आहे असं समजा. एक मुलगी बाराव्या जागी उभी आहे. उशिरा आलेली एकोणीस मुलं रांगेच्या पुढच्या टोकाला उभी केली. मुलगी जागची हललेली नाही, पण आता मोजाल तर ती एकतिसावी. हातात जुनी यादी घेऊन कुणी बारावीला शोधायला गेला, तर त्याला भलतीच मुलगी सापडेल. मुलीची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेचं नेमकं हेच झालं होतं. मोजणी नव्या आवृत्तीची आणि घातक जागांची यादी जुन्या आवृत्तीची.

"योगायोग असेल," शंकासुर सवयीनं म्हणाला.

"नाही रे. दुसऱ्या आवृत्तीतली एकशे एकतीस म्हणजे पहिलीतली एकशे बाराच. वेगळी असूच शकत नाही."

"पण आपण केलं ते बरोबरच होतं, ताई."

"तेच तर! चुकीचं असतं, तर मागं तरी घेतलं असतं."

ताईनं पत्र साहेबांपुढे ठेवलं. त्यांनी ते वाचलं आणि चष्मा काढला. "आपलं ठरलेलं उत्तर पाठवा. आम्ही वैद्यकीय सल्ला देत नाही, डॉक्टरांना भेटा."

"गोळ्या डॉक्टरांनीच बंद केल्यात, साहेब."

"आणि उद्या काही कमीजास्त झालं तर? आपल्या सांगण्यावरून झालं म्हणतील."

"त्यांनी आजाराबद्दल विचारलंच नाहीये. फीत कुठून धरता, एवढंच विचारलंय. ती तर आपणच धरतो ना?"

साहेबांनी चष्मा पुन्हा चढवला. "आजाराचा एक शब्द येता कामा नये. आणि मला दाखवल्याशिवाय पाठवायचं नाही."

ताईनं तीन वाक्यं लिहिली. पहिल्या आवृत्तीत मोजणी कुठून होती, दुसरीत कुठून आहे, आणि म्हणून एकशे बारा व एकशे एकतीस ही एकच जागा. साहेबांनी एकही शब्द खोडला नाही. उलट खाली स्वतःच चौथं वाक्य जोडलं, "हे पत्र आजच्या आज तुमच्या डॉक्टरांना आणि प्रयोगशाळेला दाखवा."

बारा वाजता पत्र गेलं. एक वाजला, दोन वाजले. ताईनं डबा उघडला आणि तसाच बंद केला.

"ताई, सारखं बटण दाबून उत्तर लवकर येत नाही," शंकासुर म्हणाला.

"माहितीये मला."

अडीचला तिनं शिंप्याच्या सहीखालचा दुकानाचा नंबर फिरवला. पलीकडे शिलाई मशीन धडधडत होतं. ते थांबलं आणि एका मुलीचा आवाज आला.

"हॅलो? कोटवाल्या काकू का? कोट उद्या मिळेल."

"कोट नाही गं. बाबा आहेत?"

"गिऱ्हाइकाकडे गेलेत, माप घ्यायला."

"त्यांना ईमेल बघायला सांगशील?"

"ते दुकान बंद केल्यावर बघतात."

"आज आत्ताच बघायला सांग."

मग मुलीचा आवाज बारीक झाला. "तुम्ही त्या आकड्यांवाल्या आहात ना? बाबा रोज ते दोन कागद शेजारी ठेवून बसतात. माझ्याबद्दल आहे ना ते? मला सांगा, मला मोजता येतं."

ताईच्या ओठांवर आकडा आला होता. तो तिनं गिळला. ही गोष्ट चौदा वर्षांच्या मुलीला दुकानात एकटी असताना फोनवर सांगायची नव्हती.

"बाबांना दुसऱ्या फोनवरून बोलावून घे, बाळा. ते येईपर्यंत मी फोन ठेवत नाही."

वीस मिनिटं ताईनं रिसीव्हर कानाला धरून ठेवला. पलीकडे पावलं वाजली, खुर्ची सरकली. शिंपी धापा टाकत होता. पत्र वाचून झाल्यावर त्यानं विचारलं, "एकच जागा?"

"एकच."

"म्हणजे माझंच तिच्याकडं गेलंय." त्याचा आवाज फाटला. पण लगेच तो कामाला लागला. "थांबा. डॉक्टरांना दुसऱ्या फोनवरून लावतो. अगं, ते पोहण्याचं सामान ठेव खाली आधी!"

"बाबा, पण शर्यत?"

"डॉक्टर सांगतील तोवर पाण्यात पाय घालायचा नाही."

पलीकडे काहीतरी आपटलं. फोन पुन्हा मुलीच्या हातात आला. ती रडत होती, आणि चिडली होती. "तुम्ही आकडे हलवलेतच कशाला?"

"आधीचे चुकले होते म्हणून. पण हलवताना मोठ्यानं सांगायला हवं होतं. ते आमच्याकडून राहिलं."

"मग अजून किती जणांना असा कागद गेलाय?"

ताईला हे माहीत नव्हतं. तिनं तसंच सांगितलं.

पाचच्या सुमाराला शिंप्याच्या दोन ओळी आल्या. डॉक्टरांनी गोळ्या आजपासून पुन्हा सुरू करायला सांगितल्या होत्या, आणि प्रयोगशाळेनं चूक मान्य करून नवा कागद द्यायचं कबूल केलं होतं. शंकासुरानं सुस्कारा सोडला. ताई मात्र पुन्हा उभीच होती. सुधारलेल्या नोंदीवर ठळक इशारा लावायचा म्हणून तिनं दुसऱ्या गटाला दुपारीच लिहिलं होतं. त्यांचं उत्तर आलं, "मान्य. पुढच्या प्रकाशनात घेऊ." नोंदींचं पुढचं प्रकाशन चार महिन्यांनी होतं.

"चार महिने!" ती साहेबांच्या दारात जाऊन म्हणाली. "ती नोंद उतरवून घेणाऱ्या प्रयोगशाळांचे पत्ते आहेत ना आपल्याकडे?"

"जगभरात दोनशेच्या वर आहेत."

"द्या."

साहेबांनी यादी छापली. शंकासुरानं ती तिच्या हातातून घेतली, मधोमध फाडली आणि खालचा अर्धा स्वतःकडे ठेवला. "सगळीकडे कार्यालयं बंद झाली असतील," तो म्हणाला.

"सगळीकडे एकाच वेळी पाच वाजत नाहीत," ताई म्हणाली आणि तिनं पहिला नंबर लावला.