इझोबेल गुंगीत बोलली ते

एडिंबरोच्या इस्पितळात मी धरणाऱ्याचं काम करायचो. टेबलावरच्या रोग्याचे खांदे दाबून ठेवायचे आणि सुरी थांबेपर्यंत सोडायचे नाहीत.

१८४६च्या मार्चमध्ये माझ्या बायकोच्या, इझोबेलच्या, छातीतली गाठ काढायची ठरली. ती म्हणाली, "परक्याचे हात नकोत. तूच धर." मी धरलं. चार मिनिटं. ती ओरडली नाही, फक्त माझ्याकडे बघत राहिली. जखम भरली, पण पुढे मी तिच्या अंगावर शाल टाकायला गेलो तरी ती आक्रसायची. "तुझा राग नाही रे," म्हणायची, "अंगच ऐकत नाही."

दुसऱ्या वर्षी क्लोरोफॉर्म आलं. रुमालावर ओतून नाकाशी धरायचं. पाय कापून झालेला एक खाणकामगार शुद्धीवर आला नि विचारू लागला, "सुरू कधी करताय?" डॉक्टर ऑक्टरलोनी मला म्हणाले, "रेनी, आता तुझ्या मनगटांना पेन्शन." सगळे हसले. मी जिन्यात जाऊन बसलो. इझोबेलच्या वेळेनंतर पावणेदोन वर्षं. एवढाच उशीर झाला होता.

मग इझोबेलची गाठ परत आली. ती तयारच होईना. त्या खाणकामगाराची हकीकत मी तिला तीन दिवस सांगत होतो. शेवटी म्हणाली, "येते. पण तू हात लावायचा नाहीस."

मी भिंतीशी उभा राहिलो. रुमाल नाकाशी गेला, ती थोडी धडपडली, शांत झाली. सुरी लागली तशी ती लहान मुलीच्या आवाजात, अगदी स्पष्ट बोलली, "आई, या माणसाला सोडायला सांग ना. मी याचं काय केलंय?"

"मनावर घेऊ नकोस," डॉक्टर मान वर न करता म्हणाले. "तिला काही कळत नाहीये."

"मग बोलतंय कोण?"

त्यांनी दोरा मागितला.

शुद्धीवर आल्यावर ती हसली. "झालंसुद्धा? मी काही बरळले का रे?"

"नाही."

तिने आपणहून माझा हात धरला.

त्यानंतर ती सहा वर्षं जगली. शेजारणींना सांगायची, काही म्हणजे काही कळलं नाही, विचारा आमच्या गॅव्हिनला. मी मान डोलवायचो. इस्पितळ सोडून मी लीथच्या बंदरावर पिंपं वाहायला लागलो होतो. रविवारी दुपारी ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपायची. तिचे ओठ हलायला लागले, की मी तिचं डोकं हळूच उशीवर ठेवायचो आणि बाहेर निघून जायचो.