तार एक, मजले तीन

मित्रांनो, जिन्याखाली घरघरणारी ही राखाडी पेटी दिसते ना, तो मी. मी एक जुना संगणक आहे. जुना असलो तरी कामाला चोख!

कारखान्यातून मी थेट एका कचेरीत गेलो आणि तिथे वर्षानुवर्षं पत्रं टाईप करून दिली. पुढे सडपातळ नवे संगणक आले आणि माझी रवानगी भंगारात ठरली. तेव्हा तिथलं नेटवर्क सांभाळणाऱ्या बाई म्हणाल्या, "याला मी घरी नेते." घरी त्यांना सगळे सूनबाई म्हणत, म्हणून मीही तेच म्हणतो.

सूनबाई सासऱ्यांसोबत वरच्या मजल्यावर राहत. मधल्या मजल्यावर लग्नांच्या फिल्म बनवणारे फोटोग्राफरदादा आणि तळमजल्यावर डॉक्टरीणबाईंचा दवाखाना. तिन्ही मजल्यांना मिळून इंटरनेटची एकच तार. दादा फिल्म पाठवायला बसले, की ती सगळी त्यांचीच!

एका दुपारी डॉक्टरीणबाई एका आचाऱ्याचा भाजलेला हात दूरच्या तज्ज्ञांना व्हिडिओवर दाखवत होत्या, आणि चित्र गोठलं. बाई तडक वर गेल्या.

"अहो दादा, ते थांबवा आधी!"

"थांबवलं तर पुन्हा पहिल्यापासून पाठवावं लागेल, बाई! नवरीकडच्यांनी सकाळपासून डोकं खाल्लंय."

सूनबाई जिना उतरून आल्या. "भांडू नका. कुणालाच थांबावं लागणार नाही, अशी सोय करते."

ती सोय म्हणजे मी. त्यांनी मला झाडूनपुसून दुसरं नेटवर्क कार्ड बसवलं. एका कार्डाला बाहेरची तार, दुसऱ्याला घरातली. माझ्यात एक मुक्त कार्यप्रणाली घातली. ती अनेकांनी मिळून लिहिलेली. कुणीही उघडून वाचावी, हवी तशी बदलावी. मग मला नियम शिकवले. तारेला झेपतं त्याहून जरा कमीच वेगाने बाहेर सोडायचं, म्हणजे गर्दी माझ्या दारात होते आणि रांग लावणं माझ्या हातात राहतं. प्रत्येक मजल्याचा वाटा ठरलेला. दवाखान्याच्या व्हिडिओला आधी वाट. एखाद्याचा वाटा रिकामा असेल, तर ज्याला लागेल त्याने तो वापरावा.

"म्हणजे माझी फिल्म रखडणार," दादा कुरकुरले. पण दवाखाना बंद असताना त्यांना जवळजवळ सगळी तार मिळू लागली. "पेटी एक नंबर आहे हं!" ते म्हणाले. मला कोण आनंद झाला!

पुढे सूनबाई परगावी नोकरीला गेल्या. सासऱ्यांनी माझ्या जागी इंटरनेटची एक नवी झकपक डबी आणली आणि माझ्यावर रंगाचे डबे रचले. डबी चपळ होती, पण रांग लावणं तिच्या गावीही नव्हतं.

मग एका सकाळी दवाखान्यात एक गरोदर बाई आली. पोटातल्या बाळाचे ठोके मंदावले होते. डॉक्टरीणबाई मोठ्या इस्पितळातल्या प्रसूतितज्ज्ञांना व्हिडिओवर सोनोग्राफी दाखवू लागल्या, तर चित्र जागचं हलेना. दादांनी कुणी न सांगताच फिल्म पाठवणं थांबवलं, तरी हलेना. घरातला कुठला फोन तारेवरून काय पाठवतोय, कुणालाच कळेना. सासऱ्यांनी सूनबाईंना फोन लावला.

"बाबा, जुन्या पेटीला दोन्ही तारा जोडा. नियम अजून तिच्यात आहेत."

दादांनी डबे बाजूला सारून मला बाहेर काढलं. माझा पंखा धुळीने जाम झाला होता. त्यांनी कॅमेरा पुसायचा ब्रश आणला आणि पातं न् पातं झाडलं. मी सुरू झालो. आधी दवाखाना, मग बाकीचे! चित्र हललं.

"आता दिसतंय," तज्ज्ञ म्हणाले. "तिला डाव्या कुशीवर वळवा आणि लगेच इकडे आणा. आम्ही तयारीत आहोत."

दुपारी फोन आला. मुलगी झाली होती. आई आणि लेक, दोघीही सुखरूप. डॉक्टरीणबाई पायरीवर बसून हसत हसत डोळे पुसत होत्या, आणि सासरेबुवा माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "हा आता इथून हलणार नाही."

मित्रांनो, जुन्या यंत्राला टाकून देण्याआधी त्याला काय काय येतं ते बघा. त्याची धूळ पुसा, त्याला मोकळा वारा मिळू द्या. आणि सगळ्यांची वस्तू वापरताना आपला वाटा जरूर घ्या. फक्त ज्याची निकड मोठी, त्याला पुढे जाऊ द्या. मी रोज तेच करतो, आणि त्याने माझं काहीच कमी होत नाही.