लाट फुटत नाही तिथे

विद्याधर पालवांनी उभी नोकरी विम्याच्या कचेरीत काढली. माणूस कशाने गेला हे एका ओळीत लिहिल्याशिवाय तिथे कागद पुढे सरकत नसे, आणि ती ओळ पालव लिहीत. त्यामुळे स्वतःच्या मुलाबद्दलची ओळ दुसऱ्याच कोणीतरी लिहिली आणि तीही चुकीची लिहिली, हे त्यांच्या फार जिव्हारी लागलं होतं. 'खोल पाण्यात गेल्याने बुडून मृत्यू.'

सुयोग खोल पाण्यात गेलाच नव्हता. मढच्या त्या किनाऱ्यावर तो गुडघाभर पाण्यात उभा होता. पालवांनी भेळेची पुडी सोडायला मान खाली घातली, वर करून बघतात तर मुलाचं नुसतं डोकं दिसत होतं, तेही लांब.

पोलिसांचं एक वेळ सोडून देता आलं असतं. मुलुंडच्या त्यांच्या सोसायटीत लोक सांत्वनाला आले, चहा प्याले आणि जिन्यात पोचायच्या आत 'पोरांना मस्ती नडते' असं ठरवून गेले. तेही सोडलं असतं. पण घरात रत्नप्रभाबाईंचाही त्या ओळीवर विश्वास बसला होता. त्या दिवशी वाळूवरून त्यांनी सुयोगला दोनदा बजावलं होतं, खोल जाऊ नको. आता नातेवाइकांत विषय निघाला की त्या एवढंच म्हणत, "मेल्यान आयकल्यान नाय." आणि उठून आत जात. मुलाचं नाव त्यांनी टाकलं होतं. गेलेल्या मुलावर आई रुसून बसलेली बघणं पालवांना मुलगा जाण्याइतकंच जड जात होतं.

म्हणूनच जान्हवी दारात आली तेव्हा त्यांनी तिला सोडलं नाही. समुद्रावर माणसं नेमकी कुठे आणि कशी बुडतात यावर ती संशोधन करत होती, आणि ज्यांच्या घरचं माणूस गेलं त्यांना भेटत हिंडत होती. पालवांनी तिच्या प्रश्नांची उत्तरं दिली, आणि पुढच्या शनिवारपासून तिचे बिनपगारी मदतनीस झाले. घाटकोपरहून मेट्रोने वर्सोवा, तिथून बोटीने मढ.

पाण्याची ओढ मोजायला जान्हवीने आधी तरंगणारी यंत्रं सोडली होती. त्यातली काही समुद्राने नेली, उरलेली पब्लिकने. मग ती न सोललेल्या नारळांवर आली. लांबून दिसावेत म्हणून तिने ते शेंदरी रंगवले. परिणाम असा झाला की पाण्यात नारळ दिसला की माणसं दोन पावलं मागे सरून हात जोडत. उचलून न्यायची कोणाची छाती होत नसे.

"पीएचडी झाली की इथे देऊळ बांधू," पालव म्हणाले.

"ट्रस्टी तुम्ही व्हा हां, काका."

"मीच होणार. तुला हिशेबातलं काय कळतं?"

त्या शनिवारी ओहोटी लागली होती. जान्हवीने नारळांची गोणी खाली ठेवली. "काका, विचारायचं राहून जातंय. सुयोग नेमका कुठे उभा होता?"

पालवांना ती जागा झोपेतही दाखवता आली असती. डावीकडे लाटा फुटत होत्या, उजवीकडे फुटत होत्या, आणि मध्ये गुळगुळीत पाण्याचा एक पट्टा होता. "तो बघ. मीच दाखवली त्याला ती जागा. म्हटलं, इथे लाटा आहेत, तिकडे शांत आहे, तिकडे उभा राहा." हे वाक्य ते सगळ्यांना सांगत आले होते. बाप म्हणून आपण काळजी घेतली होती, याला तेवढाच पुरावा होता.

जान्हवी त्या पट्ट्याकडे बघत राहिली. "आपण आधी तिकडच्या टोकाला सोडू या ना," ती म्हणाली.

"इथे सोड."

"काका, तुम्ही वर वाळूत बसा थोडं."

"बाळा, इथे सोड म्हणतोय ना."

तिने गुडघाभर पाण्यात जाऊन नारळ सोडला. तो जरा घुटमळला, स्वतःभोवती फिरला. मग निघाला. कुठे हेलकावा नाही, घाई नाही. कामावर निघालेल्या माणसासारखा तो सरळ समुद्रात चालत गेला, आणि बघता बघता लाटांच्या पलीकडे शेंदरी ठिपका झाला.

"लाटांनी आत आणलेलं पाणी कुठून तरी परत जाणारच," जान्हवी हळू म्हणाली. "ते या पट्ट्यातून जातं. तिथे तळ खणला जातो, म्हणून लाट फुटत नाही, म्हणून शांत दिसतं. पायाखालची वाळू सरकते आणि माणूस ओढला जातो. मग तो किनाऱ्याकडे हात मारत दमतो. तरंगत राहून आडवं गेलं तर निसटता येतं, पण हे कोणाला ठाऊक असतं?"

"म्हणजे तो खोल गेला नव्हता," पालव म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. "लिही. गुडघाभर पाण्यात होता. त्याची काही चूक नव्हती, असं लिही."

"लिहिते, काका."

पालव त्या पट्ट्याकडे बघत राहिले. मनातली ओळ त्यांनी सवयीने पुरी करायला घेतली: गुडघाभर पाण्यात, शांत दिसणाऱ्या जागी, आणि ती जागा... तिथे ते थांबले. मग वाळूत खाली बसले. जान्हवीने दुसरा नारळ काढला नाही.

घरी पोचले तेव्हा रत्नप्रभाबाई ताटात तांदूळ निवडत होत्या. काही न सांगताही चाललं असतं. पालवांनी चप्पल काढली, समोर बसले आणि नारळाचं सगळं सांगितलं. शांत पाण्याचं सांगितलं, वाळू सरकण्याचं सांगितलं.

बाईंचा हात थांबला. "गुडघ्याएवढंच पाणी होतं?"

"हो."

"तो पुढे गेला नाही?"

"नाही. पाण्याने नेला."

"आणि मी त्याला..." त्यांनी पदर तोंडाला लावला. "सुयोगा," एवढंच म्हणाल्या, जणू तो आतल्या खोलीत आहे.

पालव वाट बघत राहिले. रत्नप्रभाबाईंनी रोखठोक बोलून भल्याभल्यांना गप्प केलेलं होतं. त्या ही बेरीज करणारच होत्या.

"तिथे उभा राहा, असं तुम्हीच सांगितलं होतंत ना त्याला?"

"हो."

बाईंनी ताट बाजूला ठेवलं. "ती मुलगी परत कधी जाणार तिकडे?"

"शनिवारी."

"मी जाणार. तुम्ही घरी थांबा."

पालवांनी मान हलवली. मग न राहवून घाटकोपरला कुठे बदलायचं, वर्सोव्याला उतरल्यावर बोट कुठून सुटते, हे ते समजावून सांगू लागले. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"बोटीपर्यंतचं कळलं," त्या म्हणाल्या. "पाण्यात कुठे उभं राहायचं, ते ती सांगेल."