भोरड्यांचं आभाळ

भिकुबाईच्या नातीचं, ऋतिकाचं, लग्न करोना ओसरल्यावर सुरतेला लागलं, त्या वर्षाची ही गोष्ट. दोंडाईच्याजवळच्या त्या शिवारात सगळ्यांनी कापूस नाहीतर मका लावलेला. दादर ज्वारी उभी होती ती दोनच वावरांत. एक भिकुबाईचं, बांधापलीकडचं रुपचंदनानांचं. त्यामुळे आसपासच्या साऱ्या भोरड्या, कणसांतले दाणे टिपणारी ती पाखरं, तिथंच उतरत.

लग्नातच लेकानं, स्वप्नीलनं, बजावलं होतं, "आई, यंदा पीक घरी आलं नाही तर वावर बटाईनं देऊ. तू सुरतेला यायचं." भिकुबाईला तिथल्या बंद खोल्यांची धास्ती. नवरा गेल्यापासून ती दिवसभर वावरातल्या राखणीच्या माळ्यावर उभी राहून गोफण फिरवायची, आणि बोलायचं तर पाखरांशीच. तिनं उडवलेला थवा नानांच्या वावरात बसे, अन् घडीभरात परत तिच्याकडे. म्हातारा मुद्दाम धाडतो, हे तिच्या डोक्यात पक्कं झालं. नानांचा रामरामही ती घेईना.

माघात एका संध्याकाळी ती तरातरा बांध ओलांडून गेली.

"नाना, बठ्ठी पाखरे मन्हाच वावरमा का हाकलतस?"

"तूच तं गोफन मारीसन इकडे हाकलस, अक्का! भांडजो मंग. आधी वर ये, देख."

भांडायलाच ती माळ्यावर चढली, आणि भांडण विसरून वर बघू लागली. तिच्या माळ्यावरून चिंचेआड मावळतीची बाजू दिसतच नसे. इथं सगळं आभाळ उघडं होतं, आणि ते हलत होतं. हजारो भोरड्यांचा थवा वर गेला, दुमडला, धुरासारखा विरला, अन् एकदम गच्च काळा झाला. एवढ्या जिवांत कोणी कोणाला धडकेना. डोक्यावरून गेला तेव्हा पंखांचा वारा तिच्या पदराला लागला. तिचे हात आपोआप जोडले गेले.

"माय व! कोठेन येतस ह्या?"

"समुद्रना पल्याडथीन, म्हनतस."

"तठे दादर नही पिकत का?"

"नही व्हई. म्हनीसनच तुन्हा घर पाव्हना वनात!"

पाहुणे आले म्हणे! कितीतरी दिवसांनी ती मोठ्यानं हसली.

दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून बांधावर एकच माळा बांधला. दोन्ही गोफणी एकाच वेळी सुटू लागल्या, तशी पाखरं तापीकडे वळली. संध्याकाळी मात्र गोफण खाली ठेवून दोघं नुसती बघत बसत.

पीक घरी आलं. भिकुबाई सुरतेला गेली नाही.

रुपचंदनाना दोन हजार चोवीसच्या मार्गशीर्षात, दादर निसवत, कणसं बाहेर पडत असताना, वारले.