बंदुकीचा वाटा

हरेश्वर मिस्त्रीने बंदुकीचा दस्ता दोन गुडघ्यांत धरला, बुडाच्या स्क्रूवर पेचकस टेकवला आणि फिरवण्याआधी मान वर करून आवडाबाईकडे पाहिले.

"तेल किती घातलं होतं, खरं सांगा."

"कुठं?"

"कुठं म्हणजे? खंडेनवमीला! बंदुकीची पूजा करता की वांगी फोडणीला टाकता, तेच मला कळत नाही. सगळं गाव मेलं असंच. लोखंडाला तेल चालतं, लाकडाला चालतं. रबराला चालत नाही. आतली गादी कुजते. मग येता माझ्याकडे बोंबलत, मिस्त्री, बंदूक लाथ मारते."

"बोटभर लावलं व्हतं," आवडाबाई म्हणाली. "हळदकुंकू लावलं, फूल वाहिलं, नारळ फोडला."

"आणि नारळाचं पाणी?"

"शिंपडलं वाईच."

"झालं! आता एक शेवग्याची शेंग तेवढी राहिली."

आवडाबाई पदराआड हसली. दिवेआगरात सुपारीच्या वाडीला लागून मिस्त्रीची ही पडवी होती. नबाबाच्या अमदानीत त्याने बड्या लोकांच्या शिकारी बंदुका दुरुस्त केल्या होत्या. संस्थान गेले, त्या बंदुका गेल्या, आणि आता डोंगराकडच्या कुणब्यांच्या जुन्यापुराण्या दुनळ्या त्याच्याकडे येत. हात सोन्याचा आणि जीभ मिरचीची, असे लोक म्हणत. तिचा नवरा धर्मा याच पडवीत बसून याच शिव्या खायचा आणि घरी येऊन तिला नकला करून दाखवायचा. धर्माला जाऊन दोन वर्षे होत आली होती.

मिस्त्रीच्या बायकोने पाणी आणून ठेवले. आवडाबाईने तांब्या डाव्या हाताने उचलला.

"उजव्या हाताला काय झालं?" मिस्त्रीने विचारले.

"खांदा. खाली खलाटीच्या शेतात दोन बार काढून बघितले. दुसऱ्याला डोळ्यांपुढं काजवं चमकलं. अजून येणी घालताना हात वर जात न्हाय."

"नीट दाबून धरली नसेल."

"धरली की. सदाभावोजी बाजूला उभं व्हतं. म्हनत व्हतं, आनखी दाबा वैनी, आनखी दाबा. जितकी दाबली तितकी लागली."

सदा म्हणजे तिचा धाकटा दीर. आजही तोच तिच्याबरोबर आला होता. बाईमाणसाने भर रस्त्याने बंदूक घेऊन जाणे बरे दिसत नाही, म्हणून डोंगर उतरताना ती त्याच्या खांद्यावर होती. बंदूक पडवीत ठेवून तो तंबाखू आणायला बाजारात गेला होता.

आवडाबाईला खांद्यापेक्षा दुसरीच काळजी होती. शिमगा झाला की त्यांच्या गावाची पारध निघे. पहाटे बहिरीच्या देवळापुढे पोलीस पाटील एकेका घराच्या नावाने बंदूक पुकारी, आणि मग सारे रान उठवायला जात. डुक्कर पडले की वाटे ठरलेले असत. माणसाचा वाटा वेगळा, कुत्र्याचा वेगळा, आणि ज्या बंदुकीतून बार निघाला तिचा वेगळा. धर्मा गेल्यापासून त्याची बंदूक सदा नेत होता आणि बंदुकीचा वाटा सदाच्या घरी जात होता. सागोतीचे आवडाबाईला एवढे वाटत नव्हते. तिला मूलबाळ नव्हते. पहाटेच्या त्या पुकाऱ्यात तिच्या उंबऱ्याचे नाव येई, तेवढेच गावात शिल्लक होते, आणि आता तेही बंद झाले होते. म्हणून तिने परवाना आपल्या नावावर व्हावा असा अर्ज केला. गाव हसले. अंबाजी पाटील मात्र हसला नाही. "ह्या पारधीला सगळ्यांदेखत बार काढून दाखव," तो म्हणाला, "मी तुझ्या बाजूनं लिहितो. न्हाय जमलं तर बंदूक सदाच्या नावावर. मंग माझ्या दारात रडायला येऊ नको."

पारध चार दिवसांवर आली होती.

मिस्त्रीने दोन्ही स्क्रू काढले आणि बुडाची चामड्याची खोळ सोडवली. हे चामडे त्यानेच चढवले होते, आतली रबराची गादीही त्यानेच बसवली होती, धर्मा जाण्याच्या आदल्या वर्षी. कुजका, चिकट गोळा बाहेर येणार म्हणून त्याने खाली गोणपाट अंथरले. खोळ उलटी केली. गोणपाटावर टक्कन आवाज झाला.

मिस्त्री खाली वाकला.

आत रबर नव्हतेच. गादीच्याच मापाचा लाकडाचा तुकडा होता, हळदीसारखा पिवळा, कानशीने घासून नीट बसता केलेला. वरच्या अंगाला, जिथे खांद्याचे हाड येते तिथे, एक कंगोरा मुद्दाम राखला होता. चामड्यावरून तो दिसण्यासारखा नव्हता. हाडाला मात्र तो बरोबर लागत होता.

"हे तेलानं नाही झालं," मिस्त्री सावकाश म्हणाला. "लाकूड तेलात उगवत नाही. हा कोणाचा शहाणपणा?"

आवडाबाईने तुकडा उचलला. फणसाचे लाकूड. तिच्या आणि सदाच्या घरांमधला फणस गेल्या पावसात उन्मळून पडला होता. त्याच्या फळ्या सदानेच पाडल्या होत्या. त्यातलाच एक पाट करून त्याने तिला दिला होता, बसायला. चांगला केला होता. त्याचा हात होताच तसा, बारीक कामाचा.

तिचे कान तापले. आनखी दाबा वैनी, आनखी दाबा.

"मेल्याला लाज न्हाय वाटली," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता. "माझ्या लग्नात हा करगोट्यावर फिरत व्हता. पेज भरवलीय मी ह्याला."

"येऊ दे इकडे," मिस्त्रीने पेचकस आपटला. "हाच तुकडा घालतो त्याच्या घशात. हरेश्वरच्या गादीला हात लावतो? साऱ्या बाजारात सांगतो."

"न्हाय."

"नाही म्हणजे?"

"तुम्ही काय बोलायचं न्हाय, मिस्त्री. तेलानं कुजली, असंच सांगायचं."

मिस्त्रीने पेचकस पुन्हा उचलला. "अहो बाई, डोकं फिरलं का? असा चोर हातात सापडलाय—"

"सापडला म्हनूनच. आमचं आंगन एक, विहीर एक. आज तुम्ही बोलाल न् मोकळं व्हाल. उद्या मला त्याच विहिरीवर त्याच्या बायकोच्या, रंगूच्या शेजारी कळशी बुडवायची हाय. ती पोर कशाला भरडायची त्यात? आन गाव काय म्हनंल? धर्मा गेला न् बंदुकीपायी घर फुटलं." ती थांबली. "राग मला काय कमी आलाय? असा आलाय की ह्याच लाकडानं त्याचं टाळकं सडकावं. पन न्हाय."

"आणि माझं काय?" मिस्त्री उसळला. "माझं रबर तीन वर्षांत कुजलं असं मीच सांगू? गिऱ्हाईक येईल का पुन्हा?"

"तुमच्या रबराला कोन वायट म्हनतंय? मी मेलीनं तेल ओतलं, नारळाचं पानी ओतलं. माझ्या अंगावर घाला की सगळं. मघाशी घालतच व्हता."

मिस्त्रीने पुटपुटत फळीवरून मोटारीची जुनी ट्यूब खाली ओढली.

त्याने ट्यूबचे सारखे तुकडे कापले, सायकलवाल्याकडचे सोल्यूशन लावून थरावर थर चिकटवले, मध्ये पोकळी राहावी म्हणून सळई तापवून आडवी भोके पाडली. जळक्या रबराचा वास पडवीभर झाला. आवडाबाई भिंतीला टेकून बघत होती. लाकडाचा तुकडा तिने कनवटीला लावला होता.

सदा आला तेव्हा मिस्त्री चामड्याची खोळ परत चढवत होता. सदा पायरीवरच उभा राहिला. त्याची नजर आधी गोणपाटावर गेली, मग मिस्त्रीच्या हाताकडे. पुडीतली तंबाखू त्याच्या बोटांतून खाली सांडत होती.

"काय निघालं, मिस्त्री?"

मिस्त्रीने मान वर केली नाही. "कुजली होती गादी. तेलानं."

"तेलानं?"

"तेलानं. ऐकू येत नाही का?"

सदाला एकदम बोलायला सुचले. "मी म्हनतच व्हतो! वैनी तेल लय लावतात. सांगितलं तर ऐकत न्हाईत."

मिस्त्रीला असा खोकला आला की त्याला हातातले काम खाली ठेवावे लागले.

"व्हय," आवडाबाई दिराकडे बघत म्हणाली. "चूक माझीच झाली, भावोजी."

सदाने तिच्याकडे पाहिले आणि लगेच खाली बसून सांडलेली तंबाखू वेचू लागला.

उन्हे कलल्यावर तिघे किनाऱ्यावर गेले. वाळू रिकामी होती. मिस्त्रीने काडतूस घातले. सदाने हात पुढे केला. "आधी मी बघतो काढून. उगं आनखी लागायचं तुम्हाला."

"लागू दे," ती म्हणाली. "खांदा माझा हाय."

तिने दस्ता दुखऱ्या खांद्यावर टेकवला. त्या जागेला नुसता स्पर्श झाला तरी तिच्या डोळ्यांत पाणी आले. तिने पाय रोवले, दात आवळले आणि समुद्राच्या दिशेने चाप ओढला. आवाजाने बगळे उठले. खांद्याला दणका बसला, पण तो पसरट होता, जत्रेत कोणी मागून ढकलावे तसा. ती जागची हलली नाही.

"एवढंच?" ती म्हणाली. मग पुन्हा, जरा मोठ्याने, "एवढंच असतं व्हय?"

तिला हसूही येत होते आणि रडूही. धर्मा जिवंत असता तर आत्ता जाऊन त्याला सांगितले असते, असे तिला फार वाटले.

पारधीच्या पहाटे देवळापुढे माणसे आणि कुत्री जमली. पाटील पुकारत गेला. शेवटी त्याने घसा खाकरला. "धर्माच्या घरची बंदूक!"

"हाय," आवडाबाई म्हणाली आणि पुढे झाली. मागून कोणीतरी खुसखुसले. सदा लोकांत उभा होता. "गप रे," तो म्हणाला. कोणाला, ते कळले नाही.

डुक्कर ओहळातून वर आले ते दोन बंदुकांच्या मधून. आवडाबाईने बार काढला आणि दुसऱ्या बंदुकीवरच्या दादूनेही काढला. कोणाचा लागला यावर दुपारपर्यंत कडाक्याचे भांडण झाले. दादू म्हणे माझा, बाकीचे म्हणत दादूला उभी म्हैस दिसत नाही. पाटलाने ते भांडण ऐकलेच नाही. "बार निघाला न्हवं? सगळ्यांनी बघितला न्हवं?" तो म्हणाला. "मंग बंदुकीचा वाटा धर्माच्या घरी. परवान्याचं मी लिहितो."

संध्याकाळी आवडाबाईने वाट्याचे दोन भाग केले. मोठा भाग टोपात घातला, वर केळीचे पान झाकले आणि त्यावर पानाचीच एक लहान पुडी सुतळीने बांधून ठेवली. आंगण ओलांडून ती जावेच्या दारात गेली.

"रंगू, सागोती घे. तिखट बेतानं घाल, पोरं खातील. आन ही पुडी भावोजींची. त्यांनाच सोडू दे."

"काय हाय त्यात, आक्का?"

"त्यांचीच वस्तू हाय. माझ्याकडं राह्यली व्हती."

सदा माजघरात होता. बाहेर आला नाही. रात्री त्यांच्या चुलीवरचा वास आंगणभर पसरला, पण एरवी जेवताना ऐकू येणारा सदाचा आवाज काही आला नाही.

सकाळी रंगू टोप परत घेऊन आली. सागोतीचे भांडे रिकामे परत करायची त्यांच्याकडे रीत नव्हती. टोपात काठोकाठ वाल होते.

"एवढं कशाला गं? मूठभर घालायचं."

"मी कुठं घातलं? ह्यांनीच भरलं पहाटे उठून. मला हात पन लावू दिला न्हाय." रंगू गोंधळलेली दिसत होती. "काल जेवलं न्हाईत, आक्का. तुमचं काय वाजलं का?"

"न्हाय गं बाय. काय वाजायचंय आमचं?"

रंगू गेल्यावर आवडाबाईने वाल सुपात ओतले. तळातून काहीतरी घरंगळत आले आणि सुपाच्या काठाला लागून थांबले. काळ्या रबराची जुनी गादी होती ती, हरेश्वर मिस्त्रीच्या हातची. धुऊन, पुसून, कोरडी केलेली. कुठे फाटली नव्हती, की झिजली नव्हती. सदाने ती फेकून दिली असेल, असेच आवडाबाईने इतके दिवस धरले होते.

आवडाबाईने ती नाकाशी धरली. तेलाचा वास म्हणून नव्हता.

"मेल्या," ती स्वतःशीच म्हणाली, "जपून ठेवली व्हतीस की रे." मग ती फणसाच्या पाटावर बसली आणि वाल निवडू लागली.