हत्तींनी मोजलेली माणसं

पैज लागली ती आमच्या बिल्डिंगच्या गेटपाशी, पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर. पहिल्या मजल्यावरचे रिटायर्ड मास्तर म्हणाले, तुझा तो दर सोमवारचा अहवाल कुत्रंसुद्धा वाचत नाही. मी म्हटलं, बेचाळीस ऑफिसांत जातो. ते म्हणाले, रद्दीही बेचाळीस घरांतून जाते. कट्ट्यावरचे सगळे हसले, आणि सगळ्यांत मोठ्यांदा मी हसलो, कारण झोंबलं होतं.

मग ठरलं. मी अहवालात एक अचाट वाक्य घुसवायचं. चार आठवड्यांत एका जरी ऑफिसातून त्याबद्दल फोन आला, तर मास्तरांनी गेटवर तीनदा कोंबड्यासारखं आरवायचं. नाही आला, तर मी स्टुलावर चढून, डोक्यावर बादली घालून अख्खा अहवाल वाचून दाखवायचा. पंच म्हणून तळमजल्यावरच्या काकूंना नेमलं. त्या एकट्या राहतात, दिवसभर खिडकीत असतात आणि कोणाचीच बाजू घेत नाहीत.

आता माझा धंदा सांगतो. आमच्या ऑफिसातून एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना फोन जातात. गेल्या सात दिवसांत तुमच्याकडे कोणी आलं होतं का, एवढंच विचारतात. उत्तरं संगणकात साठतात. मी लिहिलेला प्रोग्राम दर सोमवारी त्या साठ्याला क्वेरी टाकतो, म्हणजे कुठल्या भागात किती जणांकडे कोणी आलं नाही ते विचारून घेतो, आणि आलेला आकडा माझ्या वाक्यातल्या मोकळ्या जागेत बसवतो. वाक्य माझं, आकडा त्याचा. खाली तक्ता. झाला अहवाल.

बायको होती तेव्हा एक प्रत घरी आणायचो. ती चहा पिता पिता वाचायची, खरंच वाचायची. एकदा म्हणाली, "'सदर कालावधीत भेटी निरंक', हे काय रे? सरळ लिही ना, कोणी आलं नाही." तेव्हापासून तसंच लिहितो. ती जाऊन दोन वर्षं झाली. मास्तरांना पैज म्हणजे गंमत होती. मला मात्र खरंच कळून घ्यायचं होतं, तिच्यामागे कोणी वाचतंय का.

तर वाक्य टाकलं: "टीप: या अहवालातील सर्व माणसे हत्तींनी मोजलेली आहेत." टाकताना असा खुदखुदत होतो की शेजारच्या टेबलावरच्या बाईंना वाटलं ठसका लागला, त्यांनी पाणी आणून दिलं.

पहिला आठवडा गेला. फोन नाही. दुसरा गेला. एरवी मी ऑफिसात थट्टेखातर वेगळा आवाज काढून स्टोअरच्या कारकुनाला फोन करायचो, लिफ्टमधून बोलतोय, बटणं उलटी लागलीत म्हणून. तेही बंद केलं. न जाणो, त्याच वेळी कोणी हत्तींबद्दल विचारायला फोन लावायचा. डबा टेबलावरच खायला लागलो. संध्याकाळी गेटातून आत शिरलो की मास्तर नुसता घसा खाकरायचे, आरवायची वेळ येणार नाही असं दाखवायला.

तिसऱ्या आठवड्यात काकूंनी खिडकीतून हाक मारली. म्हणाल्या, पंच म्हणून विचारते, "ते वाक्य छापून आलंय हे तू बघितलंस का?"

मी म्हटलं, त्यात बघायचं काय, मीच तर लिहिलंय. पण दुसऱ्या दिवशी जाऊन अहवाल उघडला. पहिलं पान, दुसरं, तिसरं. हत्तीचं शेपूटही नाही.

हत्ती लॉगमध्ये होते. लॉग म्हणजे प्रोग्रामची स्वतःची डायरी. काय काय केलं याची नोंद तो तिथे ठेवतो, आणि ती आमच्याशिवाय कोणी उघडत नाही. मजकूर लिहिताना तो अहवालात टाक असं वेगळं सांगावं लागतं. नाही सांगितलं की तो गुपचूप डायरीत जातो. नवशिक्यांची चूक. वीस वर्षांत मी ती केली नव्हती. हसण्याच्या नादात ती ओळच राहिली.

पहिल्यांदा जीव भांड्यात पडला. वाक्यच नव्हतं, तर फोन कसा येणार? मग लक्षात आलं, तीन आठवडे अहवाल मीही वाचला नव्हता.

मास्तरांनी मुदत वाढवून दिली असती. मी मागितली नाही. राहिलेली ओळ घातली, हत्ती पहिल्या पानावर ठळक आणले आणि बेचाळीस ऑफिसांत सोडले.

गुरुवारी फोन वाजला. पलीकडे एक बाई. म्हणाल्या, तुमच्या अहवालाचं शेवटचं पान कोरं येतं, कागद फुकट जातो. मी विचारलं, पहिलं पान पाहिलंत का?

"नाही हो. आम्ही फक्त खालची बेरीज उतरवून घेतो."

मी म्हटलं, बरं.

रविवारी संध्याकाळी गेटवर सगळे जमले. जिना धुवायची बादली मास्तरांनी स्वतः घासून आणली होती. मी स्टुलावर चढलो, बादली टोपीसारखी मागे सारली आणि सुरुवात केली. हत्तींना टाळ्या पडल्या. एकेक भाग वाचत आलो तशी हसणारी माणसं गप्प होत गेली. मग आमचा भाग आला. "या भागात एकवीस जणांकडे गेल्या सात दिवसांत कोणी आलं नाही."

काकू खिडकीतून म्हणाल्या, "बावीस कर की."

मी थांबलो. त्या म्हणाल्या, "तुमच्या ऑफिसातल्या त्या पोरीचा फोन मलाही आला होता. रोज येतात माणसं, असं सांगितलं मी तिला. लाज वाटली."

मी खिशातून पेन काढलं, एकवीस खोडलं, बावीस केलं. दोन वर्षांनी माझ्या अहवालातल्या वाक्यात कोणीतरी चूक काढली होती.

मास्तर हळूच म्हणाले, "पुरे आता. फिटली पैज. उतर खाली."

म्हटलं, अजून एक पान आहे. आणि बादली पार हनुवटीपर्यंत खाली ओढून घेतली. पान कोरंच होतं, दिसायची गरज नव्हती.