त्रेसष्ट वेळा धुतलेलं तूप

गंगाखेडपासून तीन कोसांवरच्या गावात त्या मार्गशीर्षात कस्तुराबाईच्या थोरल्या मुलाचं, सुग्रीवचं, लग्न निघालं होतं. डाळी भरडून झाल्या, लुगडी आली, वाजंत्री ठरली. नवऱ्या मुलाच्या आईनं अशा वेळी गावभर मिरवावं, तर ही बाई घरात पाय पोटाशी घेऊन बसलेली. कारण तिच्या टाचा.

काळ्या रानात अनवाणी फिरणाऱ्या बाईच्या टाचा फुटणारच, त्यात नवल नाही. पण त्या थंडीत कस्तुराबाईच्या टाचांना अशा भेगा पडल्या होत्या, की हरभऱ्याचा दाणा पडला असता तर उगवून आला असता. एरवी तिनं त्यांच्याकडं ढुंकूनही पाहिलं नसतं. पण लग्नात विहिणीचे पाय धुतात. नवऱ्या मुलाच्या आईला पाटावर बसवायचं, पाय परातीत घ्यायचे, मुलीच्या आईनं ते दुधापाण्यानं धुऊन नव्या कापडानं पुसायचे, आणि दोन्ही गावच्या बायकांनी भोवती उभं राहून डोळे फाडून बघायचं. तीन वर्षांपूर्वी तिची नणंद बायनाबाई अशीच ऐटीत पाटावर बसली होती. पाय पुसताना खणाचा रेशमी धागा तिच्या टाचेत अडकला आणि टर्रकन उसवला. त्या दिवसापासून गाव बायनाबाईला 'करवत' म्हणतं. नाव ठेवलं होतं कस्तुराबाईनंच. दुसऱ्याला हसताना काही लागत नाही, हे तिला आता चांगलंच कळत होतं.

त्यात विहीण म्हणजे पिंगळीच्या किशनरावांची बायको. किशनराव मोठे जमीनदार, अंगात शेरवानी, परभणीच्या कचेरीत रोजची ऊठबस. मुलगी बघायला पुरुषच गेले होते, त्यामुळं विहिणींनी एकमेकींचं तोंडही पाहिलेलं नव्हतं. "लय नाजूक घर हाय," एवढंच तिच्या नवऱ्यानं, चंद्रभाननं, येऊन सांगितलं होतं. नाजूक घरातल्या बाईचे मऊसूत हात आपल्या टाचांवरून फिरणार, या विचारानं कस्तुराबाईनं पाय आणखीच पोटाशी ओढले.

शेवटी बाजाराचं निमित्त करून तिनं गंगाखेडच्या व्यंकटराव वैद्यांचं घर गाठलं.

"आमच्या शेजारनीच्या टाचा लय फुटल्यात," तिनं पाय लुगड्याखाली ओढून घेत सांगितलं.

वैद्यांनी तिच्या पायांकडं मुळीच न बघता नाकात तपकीर भरली. "तुमच्या शेजारणीला सांगा, थंडीत अंगात वात वाढतो. वात म्हणजे कोरडा वारा. कोरड्याला तेलाशिवाय उतारा नाही. रोज सकाळी उन्हात बसून कोमट तिळाचं तेल अंगात जिरवायचं. कढत पाण्याची आंघोळ बंद. अंगाला डाळीचं पीठ लावायचं, जेवणात तीळ आणि तूप घ्यायचं. आणि टाचांना शतधौत घृत. तांब्याच्या ताटात गाईचं तूप घ्यायचं, पाणी घालून लोट्याच्या बुडानं घोटायचं, पाणी ओतून द्यायचं. असं शंभर वेळा."

"शंभर?"

"शेजारणीच्या घरी लग्न चार दिवसांवर आलं असलं तरी शंभरच. आणि ते पोटात जाऊ देऊ नका. शंभरदा धुतलेलं तूप म्हणजे विष, असं आमचे आजोबा सांगत."

दुसऱ्या दिवशी सकाळी कस्तुराबाईनं मागच्या खोलीत ताट मांडलं. कुणाला काही सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. एक धुणं झालं की ती भिंतीवर कोळशानं एक रेघ ओढायची. विसाव्या रेघेला तुपाचा पिवळेपणा गेला, चाळिसाव्या रेघेला तिच्या खांद्यातला जीव गेला, आणि त्रेसष्टाव्या रेघेला घागरीतलं पाणी संपलं. तूप मात्र पांढरंशुभ्र, फुगून आलेलं. ती घागर घेऊन आडावर गेली.

परत आली तर ओसरीवरून आवाज आला, "वा! काय लोनी हाय, चंद्रभानराव!"

कस्तुराबाईनं मागच्या खोलीत डोकावलं. ताट रिकामं होतं आणि त्यात चार बोटांचे फराटे उमटले होते. घागर तिच्या कडेवरून सुटताना वाचली. दाराच्या फटीतून पाहिलं, तर ओसरीवर शेरवानी घातलेला पाहुणा ज्वारीच्या भाकरीवर पांढऱ्या तुपाचा गोळा घेऊन बसलेला. पिंगळीचे किशनराव! न सांगता आलेल्या व्याह्याला बायको घरात नसताना काय वाढावं, हा प्रश्न चंद्रभाननं सोडवला होता.

बोलावं तर टाचा चव्हाट्यावर, गप्प बसावं तर व्याही परलोकात. तिनं घाईघाईनं हिशेब घातला. शंभर धुण्यांना माणूस पुरा मरतो, तर त्रेसष्टांना निम्म्याहून जास्त मरत असेल. मनाची समजूत घालायला त्यातून काही निघेना. तेवढ्यात तिला दिसलं, की किशनरावांच्या कपाळावर घाम डवरलाय. बाहेर थंडीनं कुत्री कुडकुडत होती आणि या माणसाला घाम! त्यांचं तोंड उघडायचं, मिटायचं, पुन्हा उघडायचं. आवाज फुटत नव्हता. मग मात्र कस्तुराबाईला राहवलं नाही.

"थुका!" ती ओसरीवर धावली. "थुका म्हन्ते ना!"

"अगं, इवाई हायत ते!" चंद्रभान ओरडला.

"तुमी बी थुका! लोनी न्हाई ते, माज्या टाचांचं औषध हाय! त्रेसष्ट येळा धुतलंय, पोटात गेलं की इष व्हतं!"

चंद्रभानचा घास हातातच राहिला. किशनरावांनी भाकरी खाली ठेवली आणि तिच्या पायांकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"इहीनबाई, ह्या तुमच्या टाचा हायत?"

"मंग काय उसन्या आनल्यात?" कस्तुराबाई रडकुंडीला येऊन म्हणाली. "वैद्याला बोलवा वो कुनी, पाव्हन्याला घाम फुटलाय!"

"वैद्य ऱ्हाऊ द्या." किशनरावांनी उपरण्यानं कपाळ पुसलं. "घाम फुटलाय तो बोलता येईना म्हनून. लय शरमेची बात घेऊन आलोय मी. आमी कचेरीत, अन् रान सगळं घरची बगती. कापूस येचून येचून तिची बोटं चिरल्यात, थंडीनं तळहात फुटल्यात. हातात सुई धरता येईना. आठ दिस झालं रडायलीय. म्हन्ती, नवऱ्या पोराची माय नाजूक आसंल, माजे हात लागून तिच्या पायाला वरखडे उठले तर मांडवात पोरीची इज्जत काय ऱ्हाईल? पाय धुवायचं तेवढं माफ करून आना, म्हनून मला धाडलं."

कस्तुराबाई खांबाला टेकून खाली बसली. तिला आधी हसू आलं, मग लाज वाटली. पिंगळीत एक बाई आपल्याला भिऊन रडत होती, आणि आपण इथं तिला भिऊन तूप घोटत होतो.

"पाय तर धुवायचेच," ती म्हणाली. "सांगा त्यांना."

किशनराव मेले नाहीत. गंगाखेड स्टेशनापर्यंत तीन वेळा बैलगाडी थांबवून त्यांना तुरीच्या रानात जावं लागलं, एवढंच. चंद्रभानची तीच गत घरच्या घरी झाली. कस्तुराबाईनं नवं तूप घेतलं, या खेपेला मोजून शंभरदा धुतलं, आणि त्यातलं निम्मं माणसाबरोबर पिंगळीला पाठवलं.

पण दोन-तीन दिवसांत भेगा बुजत नाहीत, हे कुठलाही वैद्य सांगेल. लग्नाच्या दिवशी कस्तुराबाई पाटावर बसली तेव्हा टाचा जवळजवळ तशाच होत्या. समोर किशनरावांची बायको धुरपताबाई येऊन बसली. उन्हानं रापलेली, काटकुळी बाई. हात पदराखाली दडवलेले. तिनं ते नाइलाजानं बाहेर काढले आणि कस्तुराबाईच्या पायांवर ठेवले. खर्रकन आवाज झाला. बायका पुढं वाकल्या. धुरपताबाईचे हात जागीच थांबले आणि डोळ्यांत पाणी तरारलं.

"जोरानं चोळा इहीनबाई," कस्तुराबाई सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "मऊ हातानं ह्या टाचांचं काय बी व्हत न्हाई."

बायका खिदळल्या. धुरपताबाईनं पहिल्यांदाच मान वर केली, आणि रडता रडता तीही हसली. कस्तुराबाईनं तिचा ओला हात परातीतून उचलून आपल्या मांडीवर घेतला, कोऱ्या लुगड्याच्या पदरानं पुसला, हळदीच्या ताटातली तेलाची वाटी ओढली आणि एकेक बोट चोळायला लागली. नवऱ्या मुलाच्या आईनं मुलीच्या आईची सेवा करावी, हे कुणी पाहिलं नव्हतं, ऐकलं नव्हतं.

"अहो बाई," भटजी अंतरपाट हातात घेऊन ओरडले, "हे कोणत्या शास्त्रात बसतं?"

"हिवाळ्याच्या," कस्तुराबाई म्हणाली, आणि तिनं धुरपताबाईकडं दुसरा हात मागितला.